बुचाचे पाय, कांडीची खुंटी

वाइनच्या बाटलीचं बूच टेबलावर उभं ठेवा आणि अंगठ्याने वरून जोरात दाबून पाहा. उंचीत ते किंचित बसेल, पण त्याची कड बाहेर फुगणार नाही. मुलांच्या कंपासपेटीतला खोडरबर असाच दाबला तर लगेच बाजूंनी बाहेर येतो. जवळपास प्रत्येक घन पदार्थ एका दिशेने दाबला की दुसऱ्या दिशेने पसरतो. पोलादही पसरतं, फक्त आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही. या पसरण्याचं माप सिमेऑन पॉयसाँ (१७८१–१८४०) या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखलं जातं. रबराचं माप ०.५ च्या जवळ येतं, पोलादाचं ०.३ च्या आसपास. बुचाचं येतं जवळजवळ शून्य.

हे शून्य नसतं तर बाटलीत बूच गेलंच नसतं. बाटलीच्या गळ्याचा आतला व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर असतो आणि बुचाचा २४. यंत्राचे जबडे त्याला चहूबाजूंनी आवळून १५-१६ मिलिमीटरवर आणतात आणि वरून एक दट्ट्या त्याला गळ्यात ढकलतो. रबराचं असतं तर ढकलण्याच्या जोराने ते आडवं फुगून वाटेतच अडकलं असतं. बूच सरळ खाली उतरतं, आत गेल्यावर सैल होतं, काचेला चिकटून बसतं आणि पुढे वर्षानुवर्षं काचेला रेटत राहतं. बाटली उघडली की ते बाहेर येतं, पण हा रेटण्याचा गुण त्याच्या अंगातून जात नाही.

टाकाऊ वस्तूंपासून घरचं सामान करायची आवड असलेल्या प्रत्येकाला मला हेच सांगायचं आहे. ‘याचं काय बनवू?’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवावा. ‘याने आजवर काय केलं?’ हे आधी विचारावं. वस्तू ज्या कामासाठी घडवली जाते, त्या कामाचे गुण तिच्यात मुरलेले असतात, आणि घरात तिला कुठे नेमायचं याचं उत्तर बहुतेक वेळा तिच्या पहिल्या नोकरीतच सापडतं. भिवंडीत तर हे फार सुंदर दिसतं. नाशिकच्या द्राक्षपट्ट्याकडून मुंबईला जाणारा महामार्ग तिच्या कडेने जातो, जगभरचा माल तिच्या गोदामांत उतरतो आणि तिच्या गल्ल्यांत अजून माग खडखडतात. बूच, पॅलेट आणि कांडी ही तीन लाकडं इथे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. खरं तर बूच लाकूड नाही, साल आहे. तिथूनच सुरुवात करतो.

१६६५ साली लंडनच्या रॉबर्ट हूक यांनी ‘मायक्रोग्राफिया’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात त्यांनी धारदार चाकूने बुचाचा पातळ काप काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसला ते लिहिलं आहे. त्यांना दिसल्या भिंतींनी वेगळ्या केलेल्या असंख्य रिकाम्या खोल्या. त्यांना त्यांनी ‘सेल’ म्हटलं, आणि जीवशास्त्रातली पेशी ही कल्पना याच नावाने सुरू झाली. म्हणजे माणसाने पाहिलेल्या आणि नाव दिलेल्या पहिल्या पेशी बुचाच्या होत्या. हूक यांनी त्या मोजायचाही प्रयत्न केला आणि एका घन इंचात त्या शंभर कोटींहून जास्त भरतात असा हिशेब मांडला. आजची मोजणी घन सेंटिमीटरला चार कोटींच्या आसपास जाते. वाइनच्या नेहमीच्या बुचाचं आकारमान वीस घन सेंटिमीटर धरलं, तर आपल्या चिमटीत सुमारे ८० कोटी पेशी मावतात. वजन मात्र जेमतेम साडेतीन-चार ग्रॅम, कारण प्रत्येक पेशीत मुख्यतः हवा आहे.

या पेशींच्या भिंती सरळ नसतात, त्यांना बारीक चुण्या असतात. दाब आला की हार्मोनियमचा भाता मिटावा तशा त्या मिटतात, आणि दाब गेला की उघडतात. आकार आतल्या आत मिटत असल्याने बाजूंना ढकलायला काही उरत नाही. शून्याचं रहस्य हे एवढंच आहे, आणि मला ते कितीही वेळा वाचलं तरी नवं वाटतं.

भिंतींचं रसायनही तितकंच कामाचं आहे. त्यांत सुबेरिन नावाचा मेणासारखा पदार्थ भरलेला असतो. तो पाणी आणि वायू आत शिरू देत नाही. हाच पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात रोज येतो: बटाट्याची साल म्हणजे बुचासारख्याच पेशींचा पातळ थर असतो. म्हणून अख्खा बटाटा कित्येक आठवडे ओलावा धरून राहतो आणि सोललेला तासाभरात सुकायला लागतो. झाडं ही साल जखम भरण्यासाठी, पाणी आत राखण्यासाठी वापरतात. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला पांढऱ्या लांब देठांच्या सुगंधी फुलांचा सडा घालणारं बुचाचं झाड आहे ना, त्याच्या सालीचाही पूर्वी हलक्या प्रतीचं बूच म्हणून उपयोग करून पाहिला गेला. पण बाटलीच्या बुचाला लागते तेवढी जाड, एकजिनसी साल एकाच झाडाला येते. ते भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागातलं बूच-ओक. जगातलं निम्मं बूच एकटा पोर्तुगाल देतो.

झाड तोडत नाहीत. उन्हाळ्यात कुऱ्हाडीने बुंध्यावर चीर देऊन कसबी माणसं सालीचे मोठमोठे पत्रे उचकटून काढतात. कुऱ्हाड आतल्या जिवंत थराला लागली तर तिथे साल पुन्हा नीट येत नाही, म्हणून हे काम पोर्तुगालमध्ये मानाचं आहे. साल काढली की उघड्या तांबूस बुंध्यावर त्या वर्षाचा शेवटचा अंक पांढऱ्या रंगाने लिहून ठेवतात. पुढची साल नऊ वर्षांनी. पहिली साल झाड पंचविशीच्या सुमाराचं झाल्यावर निघते, ती फार खडबडीत असते. दुसरीही बाटलीच्या कामाची नसते. तिसऱ्या वेळची, म्हणजे त्रेचाळीस वर्षांच्या आसपासच्या झाडाची साल बाटलीच्या बुचाला चालते. १९८२ साली रुजलेल्या रोपाची बाटलीयोग्य साल २०२५ च्या सुमारास निघते. आपण दोन बोटांनी उचलून कचऱ्यात टाकतो ती वस्तू इतकी वाट पाहून आलेली असते.

क्रिकेटच्या चेंडूचा गाभा याच सालीचा असतो. बॅडमिंटनच्या फुलाचं डोकंही. दोन्हीकडे गुण तोच: मार खायचा, दबायचं आणि पुन्हा मूळ आकारात यायचं.

महाराष्ट्राचं वाइनशी नातं काही फार जुनं नाही. नारायणगावात १९८० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर सुरुवात झाली. राज्याने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी वेगळं धोरण आणलं आणि नाशिक, दिंडोरी, निफाडकडे वाइनरी उभ्या राहिल्या. आता अनेक भारतीय बाटल्यांना पिळाचं धातूचं झाकण असतं, त्यामुळे बूच पूर्वीइतकं सहज हाताला लागत नाही. फसफसणाऱ्या वाइनला मात्र अजून बूचच लागतं. बाटल्यांची काच भंगारात वजनावर जाते, बुचाला कोणी विचारत नाही. हॉटेलांच्या आणि समारंभाच्या सभागृहांच्या मागच्या दारी सांगून ठेवलं तर बुचं जमवता येतात. ज्या घरांत दारूच्या बाटलीची वस्तू नको असते, त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून बुचाचा कोरा पत्रा आणावा. साल तीच, गुण तेच.

मिळालेलं बूच खरं की प्लॅस्टिकचं, हे कापून बघितलं की कळतं. खऱ्या सालीत तपकिरी रेघा आणि बारीक भोकं दिसतात. झाड त्यांतून श्वास घेत होतं. काही बुचं सालीचा चुरा डिंकाने जोडून केलेली असतात, त्यांत दाणे दिसतात. तीही आपल्या कामाला चालतात. प्लॅस्टिकचं बूच आतून एकसारखं फेसाळ दिसतं, ते बाजूला काढावं.

आता त्याची पहिली नोकरी आठवा: दाब सोसायचा, आडवं पसरायचं नाही, पाणी प्यायचं नाही, घसरायचं नाही. घरात ही सगळी कामं एकत्र कुठे असतात? फर्निचरच्या पायाखाली. तिवईचा पाय फरशीवर जिथे टेकतो तिथे वजन असतं, पुसलेल्या लादीचं पाणी असतं, आणि सरकवलं की कर्कश आवाज होऊन ओरखडा उठतो. बूच तिथे जन्मजात शोभतं.

ते घसरत का नाही, याचा उलगडाही हूक यांच्याच रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात झाला, तीनशेहून अधिक वर्षांनी. १९८१ साली गिब्सन, ईस्टर्लिंग आणि अ‍ॅशबी या तिघांनी बुचाच्या रचनेवर आणि ताकदीवर निबंध लिहिला. बहुतेक वस्तूंचं घर्षण दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटण्यातून येतं. मध्ये पाणी किंवा साबण आला की ते संपतं आणि पाय सटकतो. बुचात आणखी एक घर्षण असतं. लादीच्या बारीक खडबडीवरून जाताना त्याच्या पेशी दबतात आणि सावकाश उघडतात, आणि या दबण्या-उघडण्यात ऊर्जा खर्च होते. ही ऊर्जा बुचाच्या आत जाते, म्हणून लादी ओली असली तरी बूच धरून ठेवतं. मोरीतल्या पाटाखाली, पावसाळ्यात दारातल्या बाकाखाली याचा उपयोग किती आहे ते वेगळं सांगायला नको.

करायला अगदी सोपं आहे. बुचं दहा मिनिटं पाण्यात उकळावीत. वास जातो, डाग फिके होतात आणि साल मऊ पडून कापताना चुरा होत नाही. पोर्तुगालमध्येही झाडावरून उतरवलेले पत्रे आधी उकळतातच. मग धारदार पात्याने सहा-सात मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापून दोन दिवस सावलीत वाळवाव्यात. पायाचा तळ काचपेपरने साफ करून लाकडाच्या साध्या गोंदाने चकती चिकटवायची आणि रात्रभर वजन ठेवायचं. एका चकतीचं क्षेत्रफळ साडेचार चौरस सेंटिमीटर भरतं. हलक्या तिवईला पायागणिक एक पुरते, माणूस बसणार असेल तर तीन-चार शेजारी शेजारी लावाव्यात, म्हणजे वजन वाटलं जातं. फसफसत्या वाइनची छत्रीसारखी बुचं कापू नयेत. ती ड्रॉवरच्या मुठी म्हणून लावावीत, मागून स्क्रू घेऊन. पावसाळ्यात लाकडी मूठ ओलसर, लोखंडी मूठ गंजकी होते, ही तशीच राहते.

पुष्कळ लोक बुचं शेजारी शेजारी चिकटवून अख्खं टेबलच मढवतात. आडवी लावली तर एका चौरस फुटाला पंच्याऐंशीच्या आसपास लागतात आणि उभी लावली तर दीडशेच्या घरात. दिसतं छान. पण मला वाटतं, बुचाला नुसतं शोभेला बसवणं म्हणजे त्याचं कसब वाया घालवणं. गरम भांडं ठेवायची चौकट करायची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आतली कोंडलेली हवा उष्णता अडवते, म्हणजे पुन्हा कामच करते.

आता त्या चकत्यांवर उभं काय राहणार, ते पाहू. भिवंडीभोवती मानकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या गावांत भातशेतीच्या जागी गोदामं पसरली आहेत. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईला लागून, आणि न्हावाशेवा बंदराच्या आवाक्यात, या तीन कारणांनी ती इथे आली. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. त्यांच्या अंगणात थप्पीने रचलेल्या असतात पॅलेट्स, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटी.

पॅलेटच्या ठोकळ्यावर बहुतेकदा एक डाग भाजलेला किंवा छापलेला असतो. एका चौकटीत गव्हाची ओंबी, शेजारी काही अक्षरं आणि आकडे. हा त्या लाकडाचा पासपोर्ट आहे. लाकडाच्या पोटात दडून किडे देशोदेशी जातात. चीनकडून आलेल्या लाकडी पेट्यांतून गेलेला लांब शिंगांचा भुंगा १९९६ साली न्यूयॉर्कच्या झाडांत सापडला. पाइन वृक्ष वाळवून टाकणारा एक सूक्ष्म कृमी उत्तर अमेरिकेतून जपानमध्ये पोचला होता, तो १९९९ मध्ये पोर्तुगालमध्ये निघाला. म्हणून २००२ साली जगभरच्या देशांनी एक नियम स्वीकारला: परदेशी जाणारं बांधणीचं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग तीस मिनिटं तापवायचं किंवा त्याला विषारी धुरी द्यायची, आणि मग हा ओंबीचा शिक्का मारायचा. शिक्क्यातली पहिली दोन अक्षरं देश सांगतात. ‘आय एन’ म्हणजे भारत, ‘डी ई’ जर्मनी, ‘सी ए’ कॅनडा, ‘एन झेड’ न्यूझीलंड. नंतर ‘एच टी’ असेल तर लाकूड तापवलेलं आहे, ‘एम बी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे. हा वायू ओझोनच्या थराला घातक असल्याने त्याच्या वापरावर आंतरराष्ट्रीय करारानेच बंधनं घातली आहेत.

घरात आणायचं तर ‘एच टी’चंच आणावं. बिनशिक्क्याचं, तेलकट डागांचं किंवा रसायनाचा वास येणारं पॅलेट कितीही सुंदर दिसलं तरी सोडून द्यावं. निळ्या रंगाने रंगवलेली पॅलेट्स भाड्याची असतात, त्यांची मालकी कंपनीकडेच राहते. त्यांना हात लावू नये.

देश कळला की लाकडाच्या कापलेल्या टोकाकडे बघा. थंड प्रदेशातल्या पाइनची किंवा स्प्रूसची वर्षाची कडी अगदी दाट, एकाला एक लागून असतात. तिकडचा उन्हाळा छोटा, झाड वर्षभरात मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाड होतं. न्यूझीलंडचं रेडिएटा पाइन पंचवीस-तीस वर्षांतच तोडायला येतं, त्याची कडी रुंद दिसतात. युरोपातलं ठरावीक मापाचं पॅलेट मिळालं, १२०० बाय ८०० मिलिमीटरचं, तर त्यात अकरा फळ्या, नऊ ठोकळे आणि अठ्ठ्याहत्तर खिळे असतात, आणि ते दीड टन माल उचलण्यासाठी बनलेलं असतं. त्याच्यावर दोन माणसं बसली तर त्याला ते जाणवणारही नाही. खिळे उपटून फळ्या वेगळ्या करा, रंधा मारा, कडा काचपेपरने गोल करा. एक गोष्ट लक्षात ठेवायची: तापवल्याने तेव्हाचे किडे मेले, पुढचे येणार नाहीत असं नाही. म्हणून तेल किंवा पॉलिशचा हात द्यायलाच हवा. कशेळी-काल्हेरच्या फर्निचरच्या दुकानांच्या रांगेसमोरून जाताना चकाकणारे सोफे दिसतात. ते बघून झाल्यावर शेजारच्या गोदामाच्या थप्पीकडेही नजर टाकावी. तिथे कॅनडाचं जंगल उभं असण्याची शक्यता आहे.

पण भिवंडीची म्हणावी अशी वस्तू या दोन्हींपेक्षा वेगळी आहे, आणि मला ती तिघांत सर्वांत थोर वाटते. ती म्हणजे कांडी.

मागावर ताण्याचे उभे धागे बीमवरून येतात आणि आडवा धागा धोट्यातून. धोटा दोन्ही टोकांना पोलादी बोंड असलेला, मधून पोकळ. त्याच्या पोटात लोखंडी जीभ असते आणि त्या जिभेवर सूत गुंडाळलेली कांडी बसते. साध्या यंत्रमागावर धोटा मिनिटाला दीडशेच्या आसपास वेळा या काठावरून त्या काठावर फेकला जातो. कापड मीटरभर रुंद धरलं तरी मिनिटाला दीडशे मीटर सूत कांडीच्या टोकावरून सुटतं, तेही सलग नाही: प्रत्येक फेरीला थांबून, पुन्हा झटक्याने. ते बारीक सूत कांडीच्या अंगावर कुठेही अडकलं तर तुटतं, आणि तुटलं की माग थांबतो. त्यामुळे कांडीच्या लाकडात एक कुसळ चालत नाही. दुसरी अट दमटपणाची. कापसाचं सूत ओलसर हवेत जास्त मजबूत असतं, म्हणून विणाईच्या जागी हवा दमट ठेवतात. त्या दमटपणात कांडी वाकली, फुगली तर ती जिभेवर नीट बसणार नाही.

गुळगुळीत, एकजिनसी, न वाकणारं लाकूड हवं, म्हणून भारतात बॉबिन-कांड्यांसाठी नावाजलं गेलं ते हेदाचं लाकूड. हेद किंवा हळदू, शास्त्रीय नाव हॅल्डिना कॉर्डिफोलिया. कॉफीच्या आणि कदंबाच्या कुळातला हा उंच वृक्ष सह्याद्रीच्या पानगळीच्या जंगलांत आहे, ठाणे जिल्ह्यातही आहे. पानं हृदयाच्या आकाराची, पावसाळ्यात कदंबासारखे पण छोटे पिवळे चेंडू लागतात, आणि ताजं कापलेलं लाकूडही पिवळं असतं. त्याचे धागे इतके बारीक आणि सारखे की कंगवे, मोजपट्ट्या, कातीव काम यांसाठी ते पूर्वीपासून वापरलं जातं. प्रत्येक लाकडी कांडी हेदाचीच असेल असं नाही. कळंबाच्याही असतात, बाहेरच्या लाकडांच्याही. पण पिवळसर, जड, नखाने खरवडता न येणारी कांडी हातात आली तर ती हेदाची असण्याचा संभव मोठा.

धोट्याची कहाणी आणखी दूरची आहे. लँकेशायर आणि अमेरिकेच्या कापडगिरण्यांचे धोटे अमेरिकन पर्सिमॉनच्या लाकडाचे करत. मार खाऊनही न चिरणारं, घासून घासून आणखी गुळगुळीत होणारं हे लाकूड आपल्या टेंभुर्णीच्या सख्ख्या वंशातलं आहे. विडीचा तेंदूपत्ता देणाऱ्या झाडाचा अमेरिकेतला भाऊ कापड विणत होता, हे कळल्यावर मला फार आनंद झाला.

आणि भिवंडीला हे सगळं मिळालं कसं? वापरलेल्या मागांमधून. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले माग इथल्या कारखानदारांनी विकत घेतले, सुट्या भागांनी दुरुस्त केले आणि दशकानुदशकं चालवले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्या थंडावल्या आणि कापडाची मागणी भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांकडे वळली. उत्तरेतून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातले पद्मशाली, कोकणातले आणि घाटावरचे मराठी कामगार यांच्या हातांनी हे शहर टाकून दिलेल्या यंत्रांवर उभं राहिलं. वस्तू पुन्हा कामाला लावण्याचं शास्त्र भिवंडीला कोणी शिकवायची गरज नाही. ती त्यातच वाढली आहे.

आता धोटा नसलेले, रेपिअर आणि हवेच्या झोताचे माग आले. कांड्याही पुष्कळ ठिकाणी प्लॅस्टिकच्या झाल्या. जुने माग वजनावर विकले जातात. लोखंडाला भाव येतो, त्यासोबत निघालेलं लाकूड जळणात जातं. ते जळणात जाण्याआधी मागितलं तर कांड्या मिळू शकतात.

मिळाल्या की त्यांची पहिली नोकरी आठवायची: धागा अडवायचा नाही. घरात अशी वस्तू कुठे हवी असते? जिथे कपडे टांगतो तिथे. लोखंडी हुकाला जॉर्जेटची साडी अडकून ओढ निघते, खिळ्याला स्वेटर उसवतो. धागा अडवू नये यासाठीच जी वस्तू कातली, घासली, पॉलिश केली, तिच्याइतकी चांगली खुंटी दुसरी नसेल. शिवाय दमट हवेत ती वाकत नाही, आणि भिवंडीच्या आषाढ-श्रावणात हा गुण फार मोलाचा.

पॅलेटची चार फूट फळी घ्या. वीत-वीत अंतरावर भोकं पाडा, समोरून आत जाताना किंचित खाली उतरणारी, म्हणजे खुंटीचं टोक वर राहील आणि टांगलेलं घसरणार नाही. कांडीच्या बुडाला जिभेसाठी भोक असतंच. त्यात बसेल एवढी बांबूची किंवा सागाची गोल काठी गोंद लावून घट्ट बसवा आणि तिचं दुसरं टोक फळीच्या भोकात. निमुळतं टोक बाहेर ठेवा. मागावर सूत त्याच टोकावरून सुटत होतं, आता साडीही तिथूनच सुटेल. फळी भिंतीला थेट टेकवू नका. मागे चार कोपऱ्यांत बुचाच्या दोन-दोन चकत्या लावा, म्हणजे भिंत आणि फळी यांच्यात बोटभर फट राहील, हवा खेळेल आणि भिंतीची ओल लाकडात चढणार नाही.

कांड्यांना रंग लावू नका, पुन्हा घासूही नका. वर्षानुवर्षांच्या सुताने त्यांना जी तकाकी आणली आहे ती कुठल्याही काचपेपरला जमणार नाही. फक्त बसवण्याआधी एक करा. जुनी जॉर्जेटची ओढणी घ्या, कांडी हातात धरून ती बुडापासून टोकापर्यंत हळू ओढा, कांडी थोडी फिरवा आणि पुन्हा ओढा. जिथे ओढणी क्षणभर अडखळेल तिथे पडल्याने किंवा आपटल्याने कुसळ उठलेलं असतं. तेवढ्याच जागी सर्वांत बारीक काचपेपर दोन बोटांनी फिरवा आणि परत ओढून पाहा.